तिथे तुम्हाला रक्त कोण देईल?

आफ्रिकेतल्या मलावीला जाण्यापूर्वी लसी घेण्यासाठी आम्ही दोघे मिरजेहून पुण्याला गेलो, तेव्हा डॉक्टर डासांविषयी बोलतील अशी माझी अपेक्षा होती. ते बोललेही, परंतु त्याआधी त्यांनी माझा रक्तगट विचारला. बी निगेटिव्ह, मी सांगितले. मग पत्नीचा विचारला. तो ओ पॉझिटिव्ह. ‘ज्यांच्याकडे जाता आहात त्यांचा?’ ताईचा रक्तगट मला ठाऊक नव्हता, दाजींचा ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. ‘विचारून ठेवा,’ पासपोर्टची झेरॉक्स मागावी इतक्या सहज स्वरात ते म्हणाले, ‘वेळ आली तर तिथे तुम्हाला रक्त कोण देईल, हे निघण्यापूर्वी माहीत असलेले बरे.’ निगेटिव्ह गट आपल्याकडेही शंभरांत साधारण पाच जणांचा असतो आणि तरीही माझ्या साठ-बासष्ट वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता. दंडावर कापूस दाबून धरत आम्ही जिना उतरलो, समोरच्या हॉटेलात पोहे खाल्ले, पत्नीने लसीच्या किमतीबद्दल यथायोग्य नाराजी व्यक्त केली. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न चिकटून राहिला होता.

रक्ताचा विषय निघाला तो रस्त्यांमुळे. परदेशी गेलेली धडधाकट माणसे तापाने जितकी दगावतात त्यापेक्षा कितीतरी अधिक वाहनांच्या अपघातांत दगावतात, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्यांच्या मते मलावीतले पहिले औषध म्हणजे गाडीतला पट्टा आणि दुसरे म्हणजे अंधार पडल्यावर रस्त्यावर न जाणे. लसी, गोळ्या, मच्छरदाणी हे सर्व त्यानंतर. मला हे ऐकून किंचित फसवल्यासारखे वाटले. आफ्रिकेच्या नावाने मनात जी एक भीती घडवून ठेवलेली असते, तिच्यात सोंड असलेला डास असतो, अनोळखी ताप असतो. दिवे नसलेला उसाचा ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही. तो तर आपल्या इस्लामपूरच्या रस्त्यावरही असतो.

मी मिरजेचा आहे हे येथे सांगायला हवे. आमच्या गावात दुकानांच्या पाट्यांइतक्याच दवाखान्यांच्या पाट्या आहेत. विल्यम वॉनलेस या डॉक्टरांनी १८९४ मध्ये येथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, अर्ध्या महाराष्ट्रातून माणसे मिरजेला बरी व्हायला येत आली आहेत. छातीत जरा कळ आली तर रिक्षावाल्याला रुग्णालयाचे नावही सांगावे लागत नाही. तोच दोन-तीन नावे सुचवतो. अशा गावात वाढलेल्या माणसाला आरोग्य म्हणजे काय हे कळत नाही, कारण आजारपण आणि उपचार यांच्यामध्ये त्याने कधी अंतर पाहिलेलेच नसते. माझी रक्तदाबाची गोळी संपली तर कोपऱ्यावरचा औषधवाला ती चिठ्ठीशिवाय देतो, आणि वर आईच्या गुडघ्याची चौकशी करतो.

ताई आणि दाजी मलावीच्या दक्षिण टोकाला, शिरे नदीच्या खोऱ्यात राहतात. दाजी साखर कारखान्यातले. आपल्याकडच्या कारखान्यांत केस पांढरे केलेली अशी पुष्कळ माणसे आफ्रिकेतल्या गिरण्यांत कामाला आहेत. तिकडचा गळीत हंगाम उन्हाळा लागता लागता संपतो, म्हणजे आपल्याकडे मोळी टाकण्याचे समारंभ होत असतात त्या सुमारास. ‘हंगाम संपला की या, आंबेही असतात,’ असा ताईचा आग्रह होता. आंब्याच्या दिवसांतच पावसाला तोंड फुटते आणि पावसाबरोबर मलेरिया वाढतो, हे तिने फोनवर सांगितले नव्हते. ते डॉक्टरांनी सांगितले.

तयारीत एक गोष्ट अशी झाली की आमचे विमानाचे तिकीटच बदलले. आदिस अबाबामार्गे जाणे सोयीचे होते. परंतु इथिओपिया हा पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, यादीतला देश आहे. भारत याबाबत फार कडक असतो आणि त्याला कारण आहे. हा रोग पसरवणारा डास आपल्याकडे घरोघरी आहे, रोग मात्र आजवर आलेला नाही. तो एकदा आला तर काय होईल याचा अंदाजही कोणाला करवत नाही. म्हणून त्या देशांतून लसीच्या पिवळ्या दाखल्याशिवाय परतणाऱ्याला सहा दिवस वेगळे ठेवण्याची तरतूद आहे. लस जिवंत विषाणूची असते आणि साठीपुढच्या माणसाला ती पहिल्यांदा देताना डॉक्टर दहादा विचार करतात. आमच्या डॉक्टरांनी विचार केला आणि ‘तुम्ही जोहान्सबर्गमार्गे का जात नाही?’ असे विचारले. वैद्यकीय सल्ला म्हणून कोणी मला विमानाचा मार्ग सुचवेल असे वाटले नव्हते. त्याखेरीज विषमज्वर, कावीळ आणि धनुर्वाताच्या लसी झाल्या, आणि रेबीजचे दोन डोस, आठवड्याच्या अंतराने. कुत्रा चावल्यावर जखमेत टोचायचे जे महागडे द्रव्य असते ते तिकडे मिळेल याची खात्री नसते, आणि आधी लस घेतलेल्याला त्याची गरज पडत नाही. नंतरचे डोस मात्र घ्यावेच लागतात. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन माझी एक जुनी दाढ भरून घेतली. विम्याच्या कागदात गंभीर रुग्णाला विमानाने जोहान्सबर्गला हलवण्याचे कलम आहे की नाही, ते शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

आणि औषधांची पिशवी. हिच्यावरून आमच्यात थोडा वाद झाला, कारण पत्नीचे म्हणणे सर्व औषधे एका डब्यात नीट लावून ठेवावीत असे होते आणि मला ती दोन ठिकाणी विभागून हवी होती. माझ्या हट्टाला इतिहासाचा आधार होता. स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५९ मध्ये मलावीच्या सरोवराशी पोहोचला. त्या सरोवरासाठी बांधलेली ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट त्याने पुढे १८६४ मध्ये स्वतः हाकत मुंबईला आणली. शेवटच्या सफरीवर जाताना त्याने आपल्या नाशिकजवळच्या शरणपूरमधून काही मुले बरोबर नेली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली ही आफ्रिकन मुले तिथल्या मिशनमध्ये वाढली होती. त्याच सफरीत, जानेवारी १८६७ मध्ये, त्याच्या औषधांची पेटी घेऊन सामान वाहणारा एक जण जंगलात पळाला. जणू मृत्युदंडाची शिक्षाच आपल्याला सुनावली गेली, अशा अर्थाची नोंद त्याने त्या दिवशी केली. त्यानंतर तो सहा वर्षे जगला खरा, परंतु बहुतेक काळ आजारीच होता. त्याच्याही आधी, मिशनसाठी आलेला बिशप मॅकेन्झी याच शिरे नदीवर होडी उलटून क्विनाईनसह औषधे गमावून बसला आणि ३१ जानेवारी १८६२ रोजी तापाने मेला. म्हणजे आम्ही ज्या खोऱ्यात जाणार होतो तिथे औषधांचा एकच डबा बाळगणाऱ्यांचा अनुभव काही बरा नव्हता. पत्नीने हे सर्व ऐकून घेतले, ‘पळून जाणारा हमाल आपल्याकडे कुठे आहे?’ असे विचारले, आणि मग निमूटपणे दोन पिशव्या केल्या. दोन्ही हातातल्या सामानात, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

ब्लांटायर शहराहून खोऱ्याकडे उतरणारा घाट आहे. वर हवा महाबळेश्वरची आठवण यावी इतकी नरम, आणि एकेका वळणाबरोबर ती दाट, उष्ण होत जाते. खाली पोहोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. मग सपाट उसाचे समुद्र, आणि हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास, जो मला डोळे मिटून सांगलीत नेऊन सोडतो. रस्त्याच्या कडेने माणसेच माणसे: डोक्यावर लाकडे घेतलेल्या बायका, कमरेला रंगीत चितेंजे, सायकलवर मागे प्रवासी बसवलेली मुले, त्यांना काबाझा म्हणतात. दाजी गाडी सावकाश चालवत होते आणि वारंवार सूर्याकडे पाहत होते. त्यांच्या घरात एक अलिखित नियम आहे की दुपारी चारनंतर गाडी फाटकाबाहेर जात नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते ताईच्या घरात सवयीने मुरलेले होते.

तिच्या घरात अशा पुष्कळ सवयी होत्या, आणि तिला त्यांचे काहीच विशेष वाटत नव्हते. दिवेलागणीआधी मच्छरदाण्या गादीखाली खोचल्या जात. त्या आम्ही लहानपणी आत हात घालून डास मारायचो तशा ढिल्या नसत, ताणून बसवलेल्या असत. पाणी उकळून, फडक्याने झाकून गार केलेले. कोशिंबीर फक्त घरी धुतलेल्या भाज्यांची. दाजींना मधुमेह आहे आणि वीज कधीही जाते; म्हणून इन्सुलिनच्या कुप्या फ्रिजवर विसंबून नसतात. एका मातीच्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात दुसरे लहान मडके, त्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन, वर ओले फडके. झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि आतला डबा बऱ्यापैकी थंड राहतो. स्वयंपाकघराच्या खणात चमचे-पळ्यांच्या शेजारी मलेरिया तपासायच्या पट्ट्या होत्या. कोणालाही कणकण वाटली की ताई बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेई आणि पंधरा-वीस मिनिटे घड्याळाकडे पाहत बसे. आमच्यासारखे पाहुणे रोज गोळी घेतात. वर्षानुवर्षे राहणारे सहसा घेत नाहीत, ते असे पहारा ठेवतात. मी डॉक्सिसायक्लीन घेत होतो. ती भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिका जळते; शिवाय उन्हाने त्वचा भाजते, म्हणून त्या खोऱ्याच्या उन्हात मी लग्नातल्या करवलीसारखा सतत सावली शोधत फिरत असे. आपला ओळखीचा मलेरिया आणि तिथला मलेरिया यांत फरक आहे, हे दाजींनी पहिल्याच रात्री बजावले होते. आपल्याकडेही गडचिरोलीसारख्या भागात तो प्राणघातक प्रकार आहेच. तिथे जवळजवळ सगळाच त्या प्रकारचा आहे, आणि अंगात प्रतिकारशक्ती नसलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांच्या दिरंगाईची मुभा तो देत नाही.

मग एके सकाळी ताईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई नातवाला पाठीवर बांधूनच आल्या. दोन-अडीच वर्षांचे मूल, अंग तव्यासारखे तापलेले. ताईने पट्ट्यांच्या खणाकडे पाहिले देखील नाही. गाडी काढली आणि आम्ही सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. लांबट बैठी इमारत, तिच्या व्हरांड्यात बाके, बाकांवर आणि जमिनीवर बसलेल्या बायका, कोणाच्याच बोलण्यात घाई नाही. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली एक पातळ वही होती. हेल्थ पासपोर्ट असे तिचे नाव. रुग्णाच्या आजारांची, लसींची, औषधांची सगळी नोंद त्या वहीत असते आणि ती वही रुग्णापाशीच राहते. केंद्रात फाइल नसते. मिरजेत माझे जुने रिपोर्ट शोधायला मला अर्धा दिवस लागतो हे आठवून मी जरा ओशाळलो.

तिथे एमबीबीएस डॉक्टर नव्हता. त्या देशात पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९९१ मध्ये सुरू झाले. अजूनही बहुतेक रुग्णांना डॉक्टर दिसत नाही, क्लिनिकल ऑफिसर आणि मेडिकल असिस्टंट दिसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सिझेरियनसुद्धा क्लिनिकल ऑफिसर करतात. आम्हाला भेटलेला मेडिकल असिस्टंट तिशीतला, धुऊन धुऊन विटलेला पांढरा कोट घातलेला तरुण होता. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. त्याने मुलाच्या खालच्या पापणीची कड ओढून पाहिली, मग त्याचा तळहात आपल्या तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिला. ताईने माझ्याकडे वळून हळूच सांगितले, ‘रक्त कमी झालंय.’ मलेरियाचे जंतू तांबड्या पेशी फोडतात, आणि त्या वयाच्या मुलांत हे इतक्या झपाट्याने होते की औषध पोटात गेले तरी आधी रक्त चढवावे लागते. रक्त जिल्हा रुग्णालयात. तरुणाने चिठ्ठी लिहिली, इंजेक्शन दिले, आणि वही परत करताना आजीला चिचेवा या तिथल्या भाषेत एक प्रश्न विचारला. त्याचा अर्थ मी ताईला विचारला.

‘रक्त द्यायला बरोबर कोण येणार, असं विचारतोय.’

माझ्या बॅगेत रेघ ओढलेला विम्याचा कागद होता. त्या क्षणी मला लाज वाटली असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते पूर्ण खरे नाही. कागद आहे याचे बरेही वाटले, आणि हे बरे वाटणे त्या व्हरांड्यात कुठे ठेवावे हे समजेना. पुण्यात मला विचारलेला प्रश्न हा दूरदृष्टीचा होता, एका पाहुण्याने घ्यायच्या खबरदारीतला. तोच प्रश्न येथे रोज, दिवसातून अनेकदा, पाठीवर मूल बांधलेल्या बायकांना विचारला जात होता, आणि त्याचे उत्तर एखादा काका किंवा शेजारी असाच असायचा. त्या देशातल्या रक्ताचा मोठा वाटा अशा लहान मुलांनाच लागतो. मी बावळटासारखा ताईला म्हणालो की मी देऊ का. तिने ते त्या तरुणाला सांगितले. तो हसला, त्या हसण्यात थट्टा नव्हती. माझे वय, माझ्या रोजच्या गोळ्या, माझा गट, सगळेच विरुद्ध होते, आणि खरे तर पाहुण्याचे रक्त कोणी मागतही नव्हते. मुलाचा मामा बोलावला गेला. तो सायकलवरून आला, कपड्यांना उसाची काजळी लागलेली, आणि काही न बोलता गाडीत मागे बसला.

जिल्हा रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांच्या चुली पेटलेल्या होत्या. रुग्णाबरोबर येणाऱ्याला तिथे गार्डियन म्हणतात. तो स्वयंपाक करतो, कपडे धुतो, रुग्णाला उठवतो-बसवतो, सलाईन संपले की नर्सला हाक मारतो. एका नर्सकडे इतके रुग्ण असतात की गार्डियनवाचून वॉर्ड चालणारच नाही. माझ्या लहानपणी मिरजेच्या मिशनच्या आवारात झाडांखाली असाच धूर असे. सीमेपलीकडून आलेली माणसे स्टोव्हवर भात शिजवत, आणि आई मला त्या बाजूला खेळायला जाऊ देत नसे. तो धूर आमच्या गावातून कधी नाहीसा झाला ते मला सांगता येणार नाही. तिथे मक्याच्या पिठाचे न्सिमा ढवळणाऱ्या एका म्हातारीने ‘मुली ब्वांजी?’ म्हणून आमची खुशाली विचारली. रुग्णालयाच्या दारात, स्वतःचे माणूस आत असताना, ती आमची खुशाली विचारत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबली.

मूल वाचले. पुढच्या आठवड्यात ते आजीच्या पाठीवरून ताईच्या अंगणात आले आणि आंब्याची कोय चोखत बसले. मलेरियाची पहिली लस नेहमीच्या लसीकरणात आणण्याचा प्रयोग एप्रिल २०१९ मध्ये सर्वांत आधी याच देशात सुरू झाला होता, आणि २०२३ मध्ये शिफारस मिळालेली दुसरी लस आपल्या पुण्यातच तयार होते, हे मी ताईला मोठ्या अभिमानाने सांगितले. ‘मग लवकर पाठवा म्हणावं,’ ती म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

परतण्यापूर्वी सरोवर पाहायला गेलो. सकाळी लवकर निघून, उजेडातच पोहोचून. ते पाणी पाहिल्यावर माणसाचे सगळे सल्ले गळून पडतात: दूरवर डोंगर निळे, काठाला चौकटींवर वाळत घातलेली चिमुकली उसिपा मासळी, तिचा रत्नागिरीच्या बंदराची आठवण देणारा वास, आणि तळाची वाळू दिसावी इतके नितळ पाणी. त्यात बिलहार्झिया हा कृमींचा रोग आहे. काठच्या गोगलगायींतून सुटणारे सूक्ष्म जंतू काही मिनिटांत कातडीतून आत शिरतात, दुखत नाही, कळत नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात याच जातीचा रोग सापडला होता आणि संशोधकांची रीघ लागली होती, हे मी काठावर उभे राहून पत्नीला सांगत होतो. ते ऐकता ऐकता तिने चपला काढल्या.

‘गोळी आहे ना याच्यावर?’

आहे, मी म्हणालो. परंतु ती लगेच घेऊन उपयोग नाही, कोवळ्या कृमींवर ती चालत नाही, दीड-दोन महिने थांबून घ्यावी लागते. ‘मग थांबू,’ ती म्हणाली आणि गुडघाभर पाण्यात गेली. ताई काठावरून ओरडली, ‘अगं, निदान बाहेर आल्यावर पाय खसाखसा पूस!’ त्यावर ‘हो वन्सं,’ असे उत्तर आले, आणि नंतर बराच वेळ काहीच आले नाही. मी चपला काढल्या नाहीत. मला पोहता येत नाही, हेही एक कारण होते.

मिरजेला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला ताप भरला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि सध्या साथ आहे म्हणाले. मी मलावी हा शब्द उच्चारेपर्यंत त्यांनी चिठ्ठी लिहून संपवली होती; ऐकल्यावर त्यांनी ती बाजूला सारली आणि तासाभरात मलेरियाची तपासणी करून घेतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा काही निघाले नाही, घसाच होता. परतल्यावर तीन महिन्यांपर्यंतचा कोणताही ताप मलेरिया समजून तपासायचा असतो, आणि तो देश कोणता ते रुग्णानेच बोलायचे असते. या गावात शंभर प्रयोगशाळा आहेत, परंतु हा प्रश्न त्यांपैकी कोणी आपणहून विचारणार नव्हते.

पत्नीच्या बिलहार्झियावरच्या गोळ्या आम्ही ब्लांटायरमध्येच विकत घेतल्या होत्या. दोन महिने झाल्यावर तिने डॉक्टरांना विचारून, वजनाच्या हिशेबाने चार गोळ्या एका दमात गिळल्या. त्या अतिशय कडू असतात. तिने तोंड वाकडे केले, वर गूळ खाल्ला, आणि ताईला फोन लावून पुढच्या हंगामानंतर आंबे कधी सुरू होतात ते विचारले.